उतरण्यासाठी घेतलेली गाडी

नरोत्तमभाई शोरूममध्ये जायचे ते गाडीतून उतरायला. चालवायला नाही, बसायलाही नाही. फक्त उतरायला.

नंदुरबारच्या शोरूममधला टाय बांधलेला तो पोरगा मला अजून आठवतो. त्याने इंजिन, ॲव्हरेज, एअरबॅग अशी पाठ केलेली पोपटपंची सुरू केली, तेवढ्यात नरोत्तमभाईंनी हात वर केला.

"भाऊ, ते सगळं कागदवर शे. माले फक्त उतरी देखनं शे."

"काका, टेस्ट ड्राइव्ह घेता का?"

"ड्राइव्ह तुम्ही ल्या. मी उतरस."

मग ते मागच्या डाव्या दाराने आत बसले. दार लावून घेतलं. काचेतून समोर पाहत थोडा वेळ तसेच राहिले, जणू गाडी कुठूनतरी लांबून आली आहे. मग दार उघडलं, सीटवर बसल्या बसल्या सगळं अंग बाहेरच्या बाजूला वळवलं, एक पाय लाकडासारखा ताठ धरला, एका हाताने दाराची कड पकडली, दुसऱ्याने सीट, आणि हळूहळू, तोंड वाकडं करत, जमिनीवर आले. उभे राहिले. मान हलवली. "नही." पुन्हा आत.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. त्यांच्या पिशवीत उसाचं एक कांडं असायचं. साल काढलेलं, गुडघ्याच्याही खाली येणारं, त्यावर कोयत्याने केलेली एक खूण. ते कांडं जमिनीवर उभं धरून गाडीचा पायथा, म्हणजे दारातली पाय टाकायची कड, खुणेच्या वर येतो की खाली, हे ते वाकून पाहायचे. ऊस वाळून आखडला की नवं कांडं तोडायचे आणि त्यावर तीच खूण. टायवाला पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, ह्यांना गाडीच घ्यायचीय ना?"

मी म्हणालो, "त्यांना गाडी नको, मिरवणूक पाहिजे."

हा मी. शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर नोकरी संपेपर्यंत कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे ओरडून सांगण्यात आयुष्य गेलं. आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मी नरोत्तमभाईंच्या उतरण्याची नक्कल करून दाखवायचो. बाकड्यावरून ताठ पायाने उतरायचो, तोंड वाकडं करायचो, मग मंत्री आल्यासारखा चौफेर नमस्कार करायचो. नमस्कार माझ्या पदरचा. लोक चहा सांडेपर्यंत हसायचे. तालुक्यात हा माणूस आज 'उतरणारे भाई' म्हणून ओळखला जातो, ते नाव माझं. तो दिखाऊ, पैशाचा माज असलेला म्हातारा आहे, ही समजूतही माझीच देणगी. ती खोटी आहे. मी हे लिहायला बसलो तो त्याचसाठी, आणि मला जो राग येतोय तो लपवायची माझी इच्छा नाही.

नरोत्तमभाई तापीकाठचे, सारंगखेड्याच्या अलीकडच्या एका गावातले. केळी, ऊस, थोडी पपई, थोडा कापूस. पाण्याची ददात नाही. पण माणूस असा चिकट की व्यापाऱ्याने नाकारलेलीच केळी घरात खायची. चांगली केळी खाणं म्हणजे त्यांच्या लेखी स्वतःच्या घरी चोरी करणं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब. मोटारसायकल इतकी जुनी की ती लांबून येताना ऐकली की टपरीवाला विचारायचा नाही, सरळ त्यांचा बिनसाखरेचा चहा टाकायचा. कुठल्याही गाडीची किंमत सांगा, ते डोळे मिटून तिची केळी करायचे. "म्हंजे दोन हंगामनी केळी. आनि इन्शुरन्समा पपई गई."

असा माणूस गाडी घ्यायची म्हणतो, तीही वर्षानुवर्षं बघत फिरतो, म्हणजे यात दिखाऊपणाशिवाय दुसरं काय असणार? मी विचारलंसुद्धा.

"भाई, तुम्हाले गाडी कशाले? कोठे जातस तुम्ही?"

"लगनले."

"लग्नाला तर तुम्ही मोटारसायकलवर जाता."

"मी जास," ते म्हणाले.  मी पुढे विचारलं नाही. मला उत्तर नको होतं, टपरीवर सांगण्यासारखं वाक्य हवं होतं. ते त्यांनी लगेच दिलंही: "गाडी बठाले नही लेतस भो, उतराले लेतस."

आमच्याकडच्या लग्नांबद्दल आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. लग्न शेतात नाहीतर गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर. मंडपाला कमान, कमानीपाशी शिट्ट्या घेतलेली पोरं. ती गाड्या लावतात. मोठी, उंच, पांढरी गाडी आली की शिट्टी लांब वाजते, पोरं दोन्ही हातांनी वाट करतात आणि गाडी थेट मंडपाच्या तोंडाशी जाते. यजमान स्वतः दार उघडतो. छोटी गाडी आली की शिट्टी तोकडी वाजते आणि पोरगा नुसता पंजा झटकतो. तिकडे. तिकडे म्हणजे पलीकडचं वावर, कापसाची पऱ्हाटी उपटलेलं, ढेकळांचं. तिथून मंडपापर्यंत तुम्ही चालत या. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही. यजमानाला विचाराल तर तो म्हणेल, पोरं बघतात. पोरांना विचाराल तर ती म्हणतील, असंच असतं काका. अशा असंच-असतंचीच मला आता सगळ्यात जास्त चीड येते. स्टँडवर सगळ्या गाड्या आपापल्या फलाटाला लागायच्या, जुनी असो की नवी. आणि त्या स्टँडवर उभं आयुष्य काढलेला मी, लग्नात कुणाला पंजा झटकला गेला की कोपर मारून शेजाऱ्याला दाखवायचो.

नरोत्तमभाई लग्नात जेवायच्या आधी त्या कमानीपाशी उभे असायचे. कोण कशातून आलं, कुठे लागलं, कोण उतरलं. "किंमत खिसाले इचारो," ते पुटपुटायचे, "जागा गेटले." मला वाटायचं, हा जळतोय.

त्यांच्या घरी मी अनेकदा गेलो. नर्मदावहिनी ओसरीतल्या झोक्यावर बसलेल्या असायच्या. भरघोस बाई, बोलक्या, तोंडात सुपारी. पण झोक्यावरून कधी उठायच्या नाहीत. चहा सुनेने आणायचा, पाणी भाईंनी. निघताना सगळं गाव दारापर्यंत पोचवायला येतं, या बाई झोक्यावरूनच "या हां अण्णा". मी शहाद्याला येऊन सांगितलं, "भाईंची मालकीण महाराणी आहे, झोक्यावर दरबार भरवते." केळीच्या बागेत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं आणि वाकडं जुळलेलं, हे त्या दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. 'वात शे' म्हणायचे. पन्नाशीनंतर आमच्याकडे प्रत्येक बाईला वात असतोच, त्याकडे कोण बघतं?

शेवटी भाईंना एक गाडी पसंत पडली. छोटी, बुटकी, निळी. उसाच्या खुणेच्या आत तिचा पायथा आरामात बसला. पसंत म्हणजे काय, ते त्या गाडीतून उतरले आणि हसले. शोरूममध्ये मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. किंमतही एका हंगामाच्या केळीत बसणारी. मी काय म्हणालो? "भाई, केळी भरायचं क्रेट याहून मोठं असतं."

तरी ते घेणारच होते. आधी बघून घेऊ म्हणून त्यांनी शालकाची तसलीच गाडी एका दिवसापुरती आणली. लोणखेड्याकडे लग्न होतं. मला स्टँडवरून घेतलं तेव्हा वहिनी मागे बसलेल्या होत्या, नवं लुगडं, केसांत गजरा. कमानीपाशी आलो. तोकडी शिट्टी. पंजा झटकला गेला.

भाईंनी काच खाली केली. "बेटा, बाईमाणूस शे. दारपावत जाऊ दे, मंग लाई देस तठे."

"काका, लहान गाड्या तिकडेच. मागे लाईन लागलीय."

मी काय करायला हवं होतं? माझ्या आवाजाने अख्खा डेपो हलायचा. एक हाक मारली असती तर पोरगा बाजूला झाला असता. मी म्हणालो, "चला भाई, चार पावलं चालू. पोट मोकळं होईल." वावरात गाडी थांबताच मी पहिला उतरलो. ओळखीचे दोघे दिसले, त्यांच्याबरोबर बोलत बोलत मंडपात गेलो. मागे वळून पाहिलं नाही. माझी पंगत उठली तेव्हा ती दोघं येत होती. वहिनींच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत माती. भाई म्हणाले, "बांधवर जरासं बठनूत." मी म्हणालो, "जिलेबी संपली हो."

त्यानंतरच्या आठवड्यात भाईंनी मोठी गाडी नोंदवली. उंच, पांढरी. मी सोबत होतो. त्यांनी ऊस लावून पाहिला. खूण पायथ्याच्या फार खाली राहिली. ते कितीतरी वेळ वाकून तिथेच पाहत होते. मग कांडं पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "लिखी ल्या." टपरीवर मी जाहीर केलं: भाईंचा माज उसाच्या वर गेला.

आता मजा बघा. छोटी गाडी मिळाली तर बायकोला उतरता येतं, पण मंडपापर्यंत पोचता येत नाही. मोठी घेतली तर थेट मंडपापर्यंत पोचते, पण बायकोला उतरता येत नाही. आमच्या या शहाण्या समाजाने ही अशी सोय करून ठेवलीय. दोन हंगामांची केळी घालून या माणसाने त्यातली दुसरी अडचण विकत घेतली, कारण तिच्यावर आपण काहीतरी तोड काढू असं त्याला वाटलं.

तोड म्हणजे ओटा. अंगणात गवंडी बोलावून गाडीच्या पायथ्याइतका उंच ओटा बांधला, एका बाजूने उतार. वहिनी उतारावरून वर जाणार, तिथून सपाट पाऊल टाकून गाडीत. घरचं झालं. पण जिथे जायचं तिथे ओटा कुठून आणायचा? म्हणून भाई आदल्या दिवशी मोटारसायकलवर त्या गावात जायचे आणि उंचवटे शोधायचे. शाळेच्या झेंड्याचा ओटा. कापसाच्या जिनिंगमधला गाठी ट्रकवर चढवायचा धक्का. खांडबाऱ्याच्या एका लग्नात तर त्यांनी गाडी स्टेशनबाहेर माल उतरवायच्या फलाटाला नेऊन लावली आणि यजमान कमानीपाशी हार घेऊन ताटकळत राहिला. लोक मला विचारायचे, अण्णा, हे काय? मी सांगायचो, "आता नुसतं उतरून भागत नाही, स्टेज लागतं."

कुठल्याच लग्नात भाईंच्या गाडीतून कोण उतरतं ते मी पाहिलं नव्हतं. मी नेहमी आधी जेवायला.

मग सारंगखेड्याची यात्रा आली. दूरदूरचे घोडे येतात, ट्रकमधून. त्यांना उतरवायला मातीचे उंच ढिगारे करतात. ट्रक मागे घेऊन त्याला टेकवला की जनावर सरळ चालत खाली येतं. मी तिथे मित्रांच्या घोळक्यात उभा होतो, सगळ्यांना हसवत. तेवढ्यात दोन ट्रकांच्या मधून भाईंची पांढरी गाडी ढिगाऱ्याला आडवी लागायला आली. मला राहवलं नाही. फलाटावरचा आवाज काढला.

"बाजूले व्हा रे, बाजूले व्हा! भाईंची घोडी उतरी ऱ्हायनी!"

हशा असा उसळला की घोडे बिचकले. आणि दार उघडलं. नर्मदावहिनी. भाईंनी दोन्ही हातांनी त्यांना कमरेत धरलेलं, त्यांचा एक पाय मातीवर, दुसरा अजून आत, ताठ. टपरीवर मी बाकड्यावरून उतरताना जसा धरायचो, अगदी तसा. हसणाऱ्यांमधल्या काहींनी नक्कल पाहिलेली होती. ते आणखी मोठ्याने हसले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आवाज कुणाचा ते पाहावं, तसं. मग मातीवरचा पाय उचलून पुन्हा आत घेतला. त्याला बराच वेळ लागला. भाईंनी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी रात्री मोटारसायकल माझ्या दारात. मी बाहेर आलो. भाईंनी पिशवीतून उसाचं कांडं काढलं आणि माझ्या पायरीवर आपटलं.

"हाई खूण देखी ले, अण्णा. तिन्हा पाय एवढाच वर येस. हसानं व्हई तर आते हास."

या माणसाने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी तोंड उघडण्याआधी ते निघून गेले. टपरीवर त्यांचं येणं थांबलं. आणि वहिनी कुठल्याही लग्नाला गेल्या नाहीत. सख्ख्या भाचीच्याही नाही. भाई एकटे जायचे. लांब शिट्टी, मोठी वाट, यजमान धावत येऊन मागचं दार उघडायचा, तर मागे कुणी नाही.

वर्षं गेली, माफी मागायला मी गेलो नाही. वय वाढलं की माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी मला येऊन भेटावं. उलट मला भाईंचाच राग यायचा. एक शब्द सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी हसलो असतो का? असं स्वतःला विचारायचो, आणि उत्तर येतं म्हटल्यावर विषय बदलायचो.

परवा मी सारंगखेड्याच्या पुलाकडून येत होतो. रिक्षा बंद पडली म्हणून पायी. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला ती पांढरी गाडी उभी. दोघं आत, काचा खाली. रिक्षा ढकलत मागून येणारा रिक्षावाला म्हणाला, "ते रोज येतात. उतरत नाहीत. बसतात, नदी बघतात, जातात." भाई खाली उभ्या असलेल्या हातगाडीवाल्याकडून भाजलेलं कणीस घेत होते. दाणे सोडवून ते वहिनींच्या हातावर ठेवत होते. करपलेले स्वतःच्या तोंडात.

मला तोंड चुकवून पुढे जाता आलं असतं. गुडघे दुखत होते, एवढंच कारण झालं असेल. मी खिडकीपाशी थांबलो. भाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कणसाकडे.

"वहिनी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "त्या दिवशी, यात्रेत, मी जे..."

"अण्णा," वहिनींनी मला मधेच तोडलं, "त्या सालले घोडा कसा येल व्हतात हो? माले देखानं व्हतं. घोडा देखाले तर उनथू मी."

 यात्रेचे सगळे दिवस मी तिथे होतो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. आठवायचा प्रयत्न केला. मला हसणाऱ्यांचे चेहरे आठवले, कोण कशावर हसलं ते आठवलं, शब्दन् शब्द आठवला. घोडा एकही आठवेना. मी एकाकडेही पाहिलं नव्हतं.

"सांगा ना," वहिनी म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. ते मला अजून सहन होत नाही.

माझ्याऐवजी भाई बोलले. नदीकडे पाहत, कणीस मांडीवर ठेवून.

"एक धवळी व्हती. मारवाडकडली. कानना टोक आत वळेल."

वहिनींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही कव्हय देखी?"

"दुसरा दिन गयथू. एकला. सकायपशी उभा व्हतू." त्यांनी मांडीवरचं कणीस फिरवलं. "तुले येई सांगानं व्हतं. मंग घर उनू आनि... राही गयं."

इतक्या सालांत या दोघांत त्या दिवसाचा विषय निघालाच नव्हता. मला तिथून जायला हवं होतं. पण मी तिथेच थांबलो. आणि मला कुणी जा म्हणालंही नाही, बस म्हणालंही नाही.

"आनि?" वहिनी म्हणाल्या.

"एक काळी. तिना कपाळवर चांदनी. धनी तिले गूळ दे, तर ती पहिले त्याना हात हुंगे, मंग खाये."

"काब्रं?"

"आते माले काय माहीत, काब्रं. सवय व्हई."

वहिनी हसल्या. हातावरचे दाणे तसेच होते, खायचे राहून गेले होते. "आनि पिल्लू? पिल्लू येल व्हतं का एखांदं?"

"व्हतं ना," भाई म्हणाले, आणि सीटवर नीट सरकून, तिच्याकडे तोंड करून बसले.